राईतली झर आणि बाबांचे सोमवार

रानझर (धागाकर्ती)

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घरी, सोप्यावर बसून. मे सरत आलाय, विहिरीचा तळ दिसतोय, दुपारी ढग येतात आणि न पडता निघून जातात.

बाबांना गेल्या वर्षापासून विसरण्याचा आजार जडला आहे. किती वेगाने वाढेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. कधी आठवडाभर सगळं ठीक असतं, मग एका सकाळी मला विचारतात, "बाय, तू खंयची गो?" मी उत्तर देते आणि ते मान हलवतात, परक्या पाहुण्याला द्यावा तसा मान देऊन.

पण मला सांगायचंय ते २०१२ सालचं. त्या वर्षी गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. खनिज वाहायला बाबांचा स्वतःचा ट्रक होता, कर्जावर घेतलेला. दिवसाला किती ट्रिपा झाल्या यावर आमच्या घरातला महिना ठरायचा. ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच. मध्ये काही काळ पुन्हा फिरला, पण १६ मार्च २०१८ ला खाणी परत थांबल्या आणि त्यानंतर बाबांनी तो विकला.

ट्रक पहिल्यांदा उभा राहिला त्याच्या पुढच्या सोमवारी बाबा फावडं आणि घमेलं घेऊन गावच्या देवराईत गेले. राईत एक झर आहे, तिच्याखाली दगडांनी बांधलेली लहानशी तळी. ती गाळाने बुजत आली होती. बाबांनी ती उपसायला घेतली. दर सोमवारी जायचे, दोन-तीन तास काम करायचे, घामाघूम होऊन परत यायचे. बाबा देवभोळे कधीच नव्हते. देवळात जत्रेपुरते जाणारा माणूस.

मी तेव्हा कॉलेजात होते. एकदा त्यांच्याबरोबर गेले. सीमेच्या धोंड्यापाशी चपला काढायच्या. डहाळी मोडायची नाही. वाळून पडलेलं लाकूडसुद्धा चुलीसाठी घरी न्यायचं नाही. उपसलेला गाळ काळाभोर होता, कुळागरात घातला असता तर सुपारीला सोनं झालं असतं. मी तसं म्हटल्यावर बाबांनी तो गाळ राईतल्याच एका किंदळीच्या बुंध्याशी ओतला आणि म्हणाले, "हांगाचें हांगाच."

मला खरंच समजून घ्यायचंय, हातात काहीच उरलेलं नसताना माणूस रानात कशाला जातो? "झाडांत मन शांत होतं" हे उत्तर मला पुरत नाही. बाबांचं मन शांत झालेलं मी पाहिलेलं नाही. बँकेचं पत्र आलं की रात्रभर सोप्यावर येरझाऱ्या घालायचे. तरी सोमवार चुकला नाही. त्या झरीकडे त्यांनी काही मागितल्याचंही मला आठवत नाही.

आता मी तशाच दिवसांत आहे. तुम्ही अशा वेळी कुठे जाता? तिथे काय असतं? तुमच्या गावचं, घरचं सांगा.

---

म्हापसेकर

ताई, लिखाण मनाला लागलं. तरी मला एक बोचणारं सांगायचं आहे, राग मानू नका.

माझ्या आजोळच्या गावात अशीच राय होती. दिवसासुद्धा आत अंधार असायचा. माझ्या लहानपणी तिथे वाळकी काटकी उचलली तरी आजी ओरडायची. पंधरा-वीस वर्षांपूर्वी देवाला मोठा मंडप हवा असं ठरलं आणि अर्धी राय गेली. ज्यांनी झाडं तोडली त्यांनीच आधी नारळ फोडून कौल घेतला होता. आता तिथे चकचकीत लाद्या आहेत, पंखे आहेत, झर आटली आहे. देव छपराखाली आला आणि रान उघड्यावर पडलं.

म्हणून पावित्र्यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही. भीती होती तोवर राई टिकल्या. भीती गेली की "देवासाठीच तोडतोय" असं म्हणून तोडता येतं. मला कायद्याचा आधार जास्त वाटतो. म्हादई अभयारण्य १९९९ साली जाहीर झालं, २०८ चौरस किलोमीटर. ते झालं नसतं तर आज तिथे काय उरलं असतं याचा विचार करवत नाही.

---

वाळपईचो

@म्हापसेकर, कायदा हवाच. पण जानेवारी २०२० मध्ये त्याच अभयारण्यात गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. विषाने. कायदा होता, पाट्या होत्या.

आमच्या भागात वाघाला देव मानत आलेत. रानाच्या वाटेवर वाघ्रोचा दगड असतो, गुरं चारायला नेताना त्याच्यापुढे हात जोडायचे. केरीच्या वरच्या डोंगराचं नावच वाघेरी. वाघाने ढोर मारलं तर आजोबा म्हणायचे, त्याचा वाटा त्याने घेतला. हे बोलायला सोपं नव्हतं. एक म्हैस गेली तर घरातलं दूध, शेण, कर्जाचा हप्ता सगळं जातं. गोळावलीनंतर मी कित्येक रात्री एकच विचार करत होतो: ज्या माणसाचं ढोर गेलं त्याच्या मागे कोण उभं होतं? देवाचा वाटा एकट्याने सोसायचा नसतो, तो गावाने मिळून सोसायचा असतो. ते गाव सुटलं की मग दगडाला हात जोडणं तेवढं उरतं.

२०२३ च्या मार्चमध्ये आग लागली तेव्हा मी गावात होतो. साट्र्याच्या बाजूचा डोंगर रात्री लाल दिसायचा. नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी आणून ओतत होती. आम्ही पोरं झाडाच्या हिरव्या डहाळ्या घेऊन पालापाचोळ्याची आग झोडत होतो. आमच्यातल्या एकाने डहाळी तोडण्याआधी झाडाला हात लावून कपाळाला लावला. एवढ्या धुरात, एवढ्या घाईत. रानझरताई, तुम्ही विचारलंत तिथे काय असतं. मला नीट सांगता येणार नाही, पण मला त्या क्षणी ते दिसलं.

---

माटोळी

माझं वय झालं, टायपायला वेळ लागतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

लेकी, तुझ्या बाबांनी गाळ राईतच ओतला हे वाचून माझ्या सासूबाई आठवल्या. आमच्या कुळागराच्या कडेला रोयण आहे. शहरातल्या मुलांसाठी सांगते, रोयण म्हणजे वारूळ. आमची सातेरी मूळची तीच. कित्येक देवळांत आजही गाभाऱ्यात मातीची रोयणच आहे, तिला मुखवटा लावतात, साडी नेसवतात, पण आत माती. वाळवी रोज थोडं थोडं बांधते म्हणून ती वाढते. वाढणारी देवी आहे आमची.

पावसाने जोर धरला की रोयणीवर अळमी, म्हणजे रानातली अळंबी, उगवतात. अशी चव दुसऱ्या कशाला नाही. बाजारात पानात बांधून शंभराच्या हिशोबाने विकतात आणि भाव विचारू नकोस. सासूबाईंचा नियम होता, छत्री पूर्ण उघडलेली अळमी काढायची नाहीत, ती तिची. रोयण खणायची नाही, हात आत घालायचा नाही. आणि देवीच्या रोयणीवरची तर बघायचीसुद्धा नाहीत. माझा नातू रसायनशास्त्र शिकतो, त्याने मला सांगितलं की ती बुरशी वाळवीच आत पोसते, पालापाचोळा तिला घालते आणि मग ती बुरशी वाळवीचं अन्न तयार करते. उघडलेल्या छत्रीतून बी पसरतं. मी म्हटलं, बाबा रे, तुझ्या पणजीला शाळा माहीत नव्हती, पण उघडी छत्री सोडायची हे माहीत होतं.

हल्ली अळमी मिळत नाहीत. कळी असतानाच उपटतात, रोयण फोडतात.

चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधताना मी अजून रानातलंच वापरते. माट्टीची फळं, घागऱ्यो, कांगणी, कवंडळ. पण एका झाडाचं सगळं ओरबाडायचं नाही. देवाच्या डोक्यावर रान टांगायचं आणि रान उघडं करायचं, असं चालत नाही. म्हापसेकर भाऊ, तुमच्या गावच्यांनी कौल घेतला म्हणता. देवाने काय सांगितलं ते ऐकायला थांबले होते का, हे विचारा त्यांना.

---

खाजनकार

फोंड्याकडची आमची शेती खाजनात. खाजन म्हणजे खाडीला बांध घालून मिळवलेली जमीन, भरतीच्या पाण्यापेक्षा सखल. एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भात, मध्ये चिखलाचा बांध. बांधात मानस, म्हणजे लाकडी दारं. भरतीला पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती येते तेव्हा माझे वडील रात्री बॅटरी घेऊन बांधावर फिरायचे. खेकड्याने पाडलेलं एक भोक पुरतं. खारं पाणी आत शिरलं की दोन-तीन वर्षं पीक विसरायचं.

आमच्याकडे पौष अमावास्येला मांगे थापणी करतात. बांधाजवळ चिखलाची मगर घालायची, काठ्यांचे दात, शिंपल्यांचे खवले. फुलं वाहायची. कुंभारजुव्याच्या खाडीत खऱ्या मगरी आहेत, खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या. लहानपणी मी विचारलं होतं, ज्या मगरीला आपण घाबरतो तिला का पुजायचं? वडील म्हणाले, ती आहे म्हणून कोण रात्री येऊन बांध फोडत नाही. मला आता वाटतं, त्यांनी त्या वेळी मला समजेल एवढंच सांगितलं.

रानझर यांच्या प्रश्नावर माझं म्हणणं असं. खाजनातला माणूस अनिश्चिततेत जातो असं होतच नाही, तो तिच्या खालच्या पातळीवर राहतो. पाणी त्याच्या डोक्याच्या वर आहे हे त्याला रोज माहीत असतं. मग रोज बांध बघायचा, चिखल लावायचा. चिखल लावतानाच त्याची मगर होते. पूजा वेगळी आणि डागडुजी वेगळी असं आमच्याकडे कोणी केलंच नव्हतं. तुमच्या बाबांनी झर उपसली ती मला त्याच जातीची वाटते. ट्रक चालू करणं त्यांच्या हातात नव्हतं, झर चालू ठेवणं होतं.

---

रानझर

@खाजनकार, तुमची शेवटची दोन वाक्यं मी बाबांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "झर चालू आसा?" मी हो म्हटलं. खरं तर मी वर्षभर तिकडे गेलेली नाही.

@माटोळी आजी, आमच्या राईतही रोयण आहे, झरीच्या वरच्या अंगाला. सगळे तिला वळसा घालून जातात, त्यामुळे वाटच वाकडी झाली आहे.

---

पणजीची_सांज

मी या धाग्यावर लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

२०२१ च्या मे महिन्यात माझे वडील रुग्णालयात होते. आम्हाला आत सोडत नव्हते. आवाराबाहेर एका वडाखाली आम्ही नातेवाईक बसून असायचो, अनोळखी माणसं, फोनकडे बघत. १६ मे ला तौक्ते वादळ आलं. घरी वीज गेली, मागच्या दारचा फणस उन्मळून पडला. वडिलांनी लावलेला. त्या आठवड्यात वडीलही गेले.

मला त्या वेळी कुठेही काही पवित्र दिसलं नाही. वडाखाली मी रोज बसले, पण तो मला फक्त सावली देणारा वड होता. जे लोक म्हणतात की संकटात निसर्गाने आधार दिला, त्यांचा मला हेवा वाटतो. फणसाचं खोड आम्ही हलवलं नाही, कारण हलवायला माणूसच मिळत नव्हता. नंतर मन झालं नाही. आज त्याच्यावर शेवाळ आहे, नेचे आहेत, पावसात बेडूक बसतात. मी रोज सकाळी चहा घेऊन तिथे उभी राहते. का, ते ठाऊक नाही. प्रार्थना करत नाही. पण तिथे उभं असताना फोन बरोबर नेत नाही, हे माझ्या लक्षात आलं तुमचा धागा वाचताना.

---

वाळपईचो

ताई, तेवढ्यासाठीच आमच्याकडे चपला काढतात.

---

धालोमांड

सगळं वाचते आहे, डोळे भरून येतात. तरी एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून बोलते.

पेडण्याकडच्या आमच्या गावात राखणदाराच्या, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाच्या, जागी बायकांनी जायचं नाही. रोट आम्ही भाजायचा, नेणार पुरुष. गाऱ्हाणं, म्हणजे देवाला मोठ्याने घातलेलं साकडं, पुरुषांनी घालायचं, आम्ही मागे लांब उभं राहायचं, ऐकू आलं तर आलं. पाळीच्या दिवसांत तर त्या वाटेनेही नाही. ज्या मातीला आपण देवी म्हणतो, जी मिरगात न्हाती होते असं मानतो, तिच्यापाशी आपण विटाळलेल्या कशा? मी हे घरी विचारलं, उत्तर मिळालं नाही. रागाने मी कित्येक वर्षं गावच्या कुठल्याच देवकार्याला गेले नाही.

मला परत आणलं ते धालोने, आमच्या बायकांच्या नाचगाण्याने. पौषातल्या थंडीत, चांदण्यात, शेणाने सारवलेला मांड. दोन ओळी समोरासमोर, एकीने गायचं, दुसरीने उचलायचं. मांडावर राज्य बायकांचं. आमच्या काकी गाण्यातून वनदेवतेला बोलावतात, झाडांची नावं घेतात, घराची, गुरांची, दूर गेलेल्या पोरांची काळजी त्याच सुरात घालतात. ज्या वर्षी माझं लग्न मोडलं त्या वर्षी मी मांडावर उभी होते. कोणी मला काही विचारलं नाही. दोन्ही बाजूंनी कमरेला हात होते आणि पाय आपोआप पुढे-मागे जात होते.

म्हणून रानझर, तुझ्या राईत तुला जाऊ देत होते हे वाचून बरं वाटलं. सगळीकडे तसं नाही, हेही या धाग्यात नोंदलेलं असू दे.

---

रानझर

खरं आहे तुमचं. मला जाऊ दिलं ते बाबांनी, गावाने नाही. एकदा कोणीतरी बोललंही होतं. आणि गाऱ्हाण्याच्या वेळी मीसुद्धा मागेच उभी असायचे.

---

कुडाळकर

सीमेपलीकडून नमस्कार. आमच्याकडे सिंधुदुर्गातही राई आहेत, राखणदार आहेत, त्यामुळे सगळं घरचंच वाटलं. गाऱ्हाण्याचा विषय निघाला म्हणून थोडं लिहितो. माझे काका घाडी होते, म्हणजे गावासाठी गाऱ्हाणं घालणारे.

गाऱ्हाणं ऐकलेल्यांना आठवेल, त्यात आधी देवाला हाक, मग गावाच्या बारा-पाच सीमा, मग चुकलंमाकलं, आणि शेवटी मागणं. मागणंही "मला दे" असं क्वचित. "ह्या लेकराक सांभाळ, वाट चुकलो आसात तर वाटेर आण," असं. आणि प्रत्येक वाक्यानंतर मागे उभे असलेले सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" लहानपणी मला तो ओरडा म्हणजे गंमत वाटायची. काका म्हातारे झाले, त्यांचा दम पुरेना, तेव्हा कळलं की त्या "व्हय म्हाराजा"च्या वेळात त्यांना श्वास मिळायचा. पुढचं वाक्य आठवायला वेळ मिळायचा. एकट्याने गाऱ्हाणं घालताच येत नाही. मी शहरात, खोलीत, एकटा घालून बघितलं आहे. तिसऱ्या वाक्याला अडकलो.

रानझरताई, बाबांना राईत घेऊन जा. पाय चालतात तोवर.

---

म्हापसेकर

कायद्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण परवा रविवारी आजोळी गेलो होतो. मंडपाच्या मागे राईचा उरलेला तुकडा आहे, तिथे प्लास्टिकचा खच होता, प्रसादाच्या द्रोणांचा. दोन पोती भरून उचलला. एक म्हातारे गृहस्थ येऊन बघत उभे राहिले, मग त्यांनी तिसरं पोतं आणलं. त्यांनी मला झर कुठे होती ती जागा दाखवली. लाद्यांच्या कडेला माती ओलसर आहे अजून.

गोव्यातल्या राईंची माहिती शोधताना निरंकाराच्या राईबद्दल वाचलं, नानोडे-बांबरची. जायफळाच्या कुळातली झाडं पाण्यात उभी, मुळं चिखलातून गुडघे वाकवल्यासारखी वर येतात आणि परत आत जातात, श्वास घ्यायला. असली दलदल आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे. इथे ती देवाच्या नावावर उरली, हे मला मान्य करायला हवं.

---

माटोळी

भाऊ, ओली माती आहे म्हणता ना. तिथली एक लादी काढायला सांगा कमिटीला. एकच.

---

रानझर

काल पाऊस आला. मृगाच्या आधीच, संध्याकाळी, अर्धा तास, पण जोराचा. आज सोमवार होता. सकाळी बाबांना घेऊन राईत गेले.

वाटेत त्यांना काही आठवत नव्हतं. ट्रक कुठे ठेवला ते दोनदा विचारलं. पण सीमेच्या धोंड्यापाशी ते थांबले, चपला काढल्या आणि माझ्या पायांकडे बघत उभे राहिले, मी काढीपर्यंत. रोयणीला वळसा घालून गेलो. रोयण कालच्या पावसाने काळी झाली होती, वरच्या टोकाला ताजी लाल माती, रात्रीत बांधलेली.

तळीत पानं कुजून गाळ झाला होता. झरीचं पाणी करंगळीएवढं. मी फावडं नेलं होतं. बाबा दगडावर बसले आणि मी उपसायला लागले. पाच-सहा घमेली झाल्यावर पाठ भरून आली. किंदळ ओळखायला मला थोडा वेळ लागला, खूप वाढली आहे. गाळ तिच्या बुंध्याशी ओतला.

मग बाबा उठले. हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. मोठ्याने, खणखणीत. देवाला हाक मारली, सातेरीला, राखणदाराला, झरीला. गावाच्या सीमा सांगितल्या, पूर्वेची, दक्षिणेची, आणि तिथे अडकले. ओठ हलत होते, शब्द येईना. माझ्याकडे वळून बघितलं. मी कोण ते त्यांना त्या वेळी ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही.

मागे दुसरं कोणी नव्हतं. मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

त्यांनी श्वास घेतला आणि पश्चिमेची सीमा सांगितली.